मासे ठणठणीत आणि कोरल मात्र मिटलेले, असं का?

आधी पत्र, थोडं कापून, कंसातलं माझं:

"ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहतो, वय ३१. दीड वर्षापूर्वी बेडरूममध्ये तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक लावला, दगडं वगैरे वजा जाता १६० लिटर पाणी असेल. दोन क्लाऊनफिश, एक गोबी, झोआचा एक मोठा दगड, दोन मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर (झोआ, मश्रूम, लेदर हे तिन्ही सॉफ्ट म्हणजे मऊ कोरल). सगळं मस्त चाललं होतं. जूनच्या शेवटापासून झोआ उघडतच नाहीयेत, लेदर मिटून बसलाय आणि त्याच्यावर चकचकीत पापुद्रा आलाय. मासे ठणठणीत, खायला पुढे येतात. पण तीन गोगलगायी मेल्या, हर्मिट (शंखात राहणारा छोटा खेकडा) एकच उरलाय. मी आयोडीन, अमिनो, केएच (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) बफर आणि एक कोरल बूस्टर सुरू केलं, दहा दिवस झाले, फरक शून्य. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, खारेपणा १.०२५, केएच ७.५ होता तो आता ११.२, टेम्परेचर रात्री २६ आणि दिवसा साडेएकोणतीस. मित्र म्हणतो ससून डॉकवरून खोल समुद्राचं पाणी आणून देतो, सगळंच बदलून टाक. आई म्हणते झोआचा दगड उकळत्या पाण्यातून काढ, कीड असेल तर मरेल. कुर्ल्याला एक जण हॅमर कोरल स्वस्तात देतोय, घेऊ का? की सगळं विकून टँक बंद करू? बाकी पाण्याची काळजी घेतो, रोज तीन लिटर टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याची भर) लागतो तो घरच्या प्युरिफायरचाच टाकतो, मेमध्ये आईसाठी नवीन घेतलाय, तांब्यावाला."

अरे, सगळ्यात आधी एक गोष्ट, आईला सांग की तो दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, बाहेर काढून ब्रशने घासायचा पण नाही. बाकीचं पत्र नंतर वाच, आधी हे सांगून ये. झोआ आणि विशेषतः त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, १९७१ साली हवाईच्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं आणि निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. टँकमध्ये ते बिचारे आपल्या जागी बसलेले असतात तेव्हा काही करत नाहीत, पण दगड उकळला की वाफेबरोबर ते हवेत जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडतात, खोकला, ताप, दम लागणं, असे प्रकार परदेशात अख्ख्या कुटुंबांच्या बाबतीत घडलेत, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलंय. आईंचा हेतू चांगला आहे, आपल्याकडे किडीला उकळतं पाणी हा पिढ्यानपिढ्याचा उपाय आहे, पण इथे नाही. झोआला हात लावायचा तर हातमोजे आणि डोळ्यावर चष्मा, बोटाला कापलेलं असेल तर त्या दिवशी हात घालायचाच नाही, आणि तो हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला तोंडाला लावायचा नाही.

झालं? आता तुझ्या कोरलकडे येऊ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला पण वाटलं की टेम्परेचर असेल, केएच असेल. मग शेवटची ओळ वाचली आणि परत वरून सुरुवात केली. तू जे अगदी जाता जाता लिहिलंयस ना, "बाकी पाण्याची काळजी घेतो", माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे.

बघ ना, कोण मेलं आणि कोण मजेत आहे ते. मासे मजेत. गोगलगायी मेल्या, एक सोडून हर्मिट गेले, झोआ आणि लेदर मिटले. म्हणजे ज्यांना पाठीचा कणा आहे ते ठीक आणि ज्यांना नाही ते सगळे एकदम अडचणीत. अमोनिया वाढला असता तर मासे पण धापा टाकत वर आले असते. लाईटचा प्रॉब्लेम असता तर गोगलगायी कशाला मरतील, त्यांना लाईटशी काय देणंघेणं. झोआ खाणारी कीड असती तर लेदर कशाला मिटेल. हा जो नमुना आहे, मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव एकामागून एक ढासळतायत, तो दिसला की पहिले दोन संशय घ्यायचे, एक तांबं आणि दुसरं कीटकनाशक. आणि तुझ्या घरी मेमध्ये तांब्यावाला प्युरिफायर आला.

हे प्युरिफायर आता घरोघरी आहेत, पाणी आरओमधून गेलं की पुढे एका कार्ट्रिजमधून त्यात थोडं तांबं मिसळतात. माणसाला त्याने काही होत नाही, पिण्याच्या पाण्याचं आपलं जे भारतीय मानक आहे त्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं चालतं आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, त्यामुळे आईंनी ते पाणी खुशाल प्यावं. पण मोकळ्या समुद्राच्या एका लिटरमध्ये तांबं एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग सुद्धा नाही. कोरल, गोगलगायी, खेकडे, कोळंबी यांची अख्खी घडण त्या पाण्यात झालीय. माशांच्या आजारावर दुकानदार तांब्याचं औषध देतात आणि सोबत बजावतात की रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या टँकमध्ये, टाकू नका, ते याचसाठी.

आणि टॉप-अपची गंमत अशी आहे की ती दिसत नाही. टँकमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, त्याच्यातलं बाकी सगळं मागे राहतं. मग तू तीन लिटर ओततोस, ते पाणी उडून जातं, तांबं राहतं, दुसऱ्या दिवशी परत तीन लिटर. मेच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंत ४५ दिवस धर, १३५ लिटर झालं, म्हणजे जवळजवळ टँकभर. आता समजा तुझ्या प्युरिफायरमधून लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकंच तांबं येतंय, हा माझा धरलेला आकडा आहे, तुझा वेगळा असेल, तरी साडेतेरा मिलिग्रॅम आत गेलं, १६० लिटरमध्ये वाटलं तर लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर. त्यातलं बरंचसं दगडात आणि वाळूत जाऊन बसतं हे खरं, पण म्हणजे गेलं असं नाही, ते तिथून हळूहळू परत सुटत राहतं. आणि पाणी बदलताना मीठ पण त्याच पाण्यात घोळत असशील ना? मग जी गोष्ट तू काळजीपोटी करत होतास त्यानेच भर पडत गेली. स्वतःला दोष देऊ नकोस, प्युरिफायरचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी असंच आपण सगळे समजतो.

शंभर टक्के हेच आहे असं मी लांबून सांगू शकत नाही, पण तपासायचा एक सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. एक स्वच्छ बादली घे, साबण कधीच न लागलेली, नवीन घेतलीस तर उत्तम. ॲक्वेरियमच्या दुकानातून आरओ-डीआय केलेलं (आरओनंतर डीआय रेझिनमधून उरलेले क्षारही काढलेलं) पाणी कॅनमध्ये विकत आण, त्यात टँकचं समुद्री मीठ घोळ, एअरस्टोन लावून २४ तास फिरू दे, खारेपणा आणि टेम्परेचर टँकइतकंच कर. मग झोआच्या दगडाच्या कडेचा एखादा छोटा तुकडा सुटा असेल तर तो, आणि तो उरलेला एकटा हर्मिट, दोघांना हळूहळू सवय करत त्या बादलीत हलव, वर साधा लाईट, रोज थोडं पाणी बदल. दोन-तीन दिवसांत बादलीतले झोआ उघडले आणि टँकमधले तसेच मिटलेले राहिले की समज की दोष पाण्यातच आहे. हर्मिट पण वाचेल. तांब्याचं टेस्ट किट पण आण, पण त्यात रंग आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, ती किटं माशांच्या औषधाची मात्रा मोजायला बनवलेली असतात, कोरलला त्रास देणारी बारीक मात्रा त्यात दिसेलच असं नाही. आणि टीडीएस मीटरवर तर अजिबात जाऊ नकोस, तो पाण्यात एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. रीफसाठी डीआयनंतर आकडा शून्य पाहिजे, एवढाच त्याचा उपयोग. घरगुती प्युरिफायरमध्ये तो शून्य कधी येत नाही, कारण चव यावी म्हणून त्यात खनिजं किंवा थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतात.

दुसरा संशय कीटकनाशकाचा, तो पण पडताळून घे. पावसाळा आहे, मलेरिया-डेंग्यूसाठी महापालिकेची धुराची फवारणी सोसायटीत होते, शिवाय रात्रभर भिंतीवर डासांचं लिक्विड चालू असतं, आणि तुझा टँक तर बेडरूममध्येच आहे. यातल्या बहुतेक औषधांत पायरेथ्रॉइड असतात, माणसाला त्या मात्रेत फारसं काही होत नाही पण पाण्यातल्या जीवांना ती भयंकर लागतात, कोळंबी-खेकड्यांना सगळ्यात आधी. मी हे फार महागात शिकलेय. आठ-नऊ वर्षांपूर्वी घरी पेस्ट कंट्रोल करून घेतलं, त्या माणसाने विचारलं पण नाही आणि मी पण टँकवर नुसती चादर टाकली, एअरपंप चालूच राहिला, तो खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या पाचही क्लीनर श्रिम्प गेल्या. चार वर्षं होत्या माझ्याकडे, हात घातला की येऊन नखं साफ करायच्या. मासे वाचले. तेव्हापासून आमच्याकडे टँकच्या खोलीत लिक्विड नाही, मच्छरदाणी आहे, आणि फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, एअरपंप बंद, आत वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) चालू, नंतर फिल्टरमध्ये नवीन कार्बन (विषारी द्रव्यं शोषणारा कोळसा). तू पण बेडरूममध्ये मच्छरदाणी लाव.

आता उपचार, आणि इथे मला तुझ्याशी थोडं कडक बोलायचंय. तू दहा दिवसांत चार बाटल्या सुरू केल्यास. आयोडीन मोजलं होतंस का टाकायच्या आधी? अमिनो कशासाठी? केएच ७.५ होता, तो अगदी चालण्यासारखा होता, सॉफ्ट कोरलना त्याहून काही जास्त लागत नाही, तो तू थेट ११.२ ला नेलास. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं झालंय हे. कोरलला ७.५ पण चालतं आणि ९ पण चालतं, पण आज एक उद्या दुसरं असं चालत नाही, केएच दिवसाला अर्ध्या-एक डिग्रीपेक्षा जास्त हलला की तो त्यालाच ताण धरतो. जो जीव आधीच तांब्याने बेजार आहे त्याच्यावर तू अजून चार बदल लादलेस. म्हणून आजपासून चारही बाटल्या बंद. केएच खाली आणायला काही टाकू नकोस, पाणी बदलत गेलास की आपोआप उतरेल.

पाणी कसं बदलायचं ते सांगते. आरओ-डीआयच्या पाण्यात मीठ घोळून पहिल्यांदा २० टक्के, मग दर तिसऱ्या दिवशी १० टक्के, असं तीन आठवडे. एकदम ७०-८० टक्के करायचा मोह होईल, करू नकोस, आत्ता त्यांना अजून एक धक्का नकोय. त्याबरोबर चांगला कार्बन आणि तांबं धरून ठेवणारं रेझिन मिळतं ते, दोन्ही सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) पिशवीत घालून पाण्याच्या वाटेत ठेव, पडून ठेवू नकोस, पाणी त्यातून गेलं पाहिजे. रेझिन रंग बदलतं तसं बदलत जा. टॉप-अपला पण आता हेच पाणी, रोज कॅन परवडत नाही असं वाटेल, म्हणून पुढे स्वतःचं छोटं आरओ-डीआय युनिट घे, तीन-चार टप्प्यांचं, शेवटचा टप्पा डीआय रेझिनचा, किचनच्या नळाला जोडता येतं. आपल्या मुंबईचं तलावांचं पाणी तसं फार गोड, कमी क्षाराचं, त्यामुळे इथे ते मेंब्रेन आणि रेझिन दोन्ही बरेच टिकतात, बोअरवेलवाल्या गावांसारखं नाही. फक्त पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा पुढची गाळण लवकर भरते, ती बदलायला विसरायचं नाही. गाड्यांच्या बॅटरीचं पाणी कोणी सुचवलं तर घेऊ नकोस, ते कुठल्या भांड्यात कसं बनलंय कोण बघतंय.

लेदरची मात्र मला एवढी चिंता नाही. तो चकचकीत पापुद्रा म्हणजे तो कात टाकतोय. टोडस्टूल लेदर मधूनमधून असा मिटतो, अंगावर मेणासारखा थर आणतो, आणि त्या थराबरोबर वर बसलेलं शेवाळ, घाण सगळं झटकून देतो. चार दिवस लागतात, कधी दोन आठवडे पण लागतात. निरोगी टँकमध्ये पण होतं हे, आणि त्रास झाला की जास्त वेळा होतं. त्याच्यावर थोडा जास्त प्रवाह जाईल असा वेव्हमेकर वळव, थर सुटायला लागला की मोठ्या पिचकारीने हलकेच पाणी मार, नखाने ओढून काढू नकोस. खाली बुडापाशी तो काळा पडून विरघळायला लागला, वास यायला लागला, तरच घाबरायचं, तसं झालं तर तेवढा भाग लगेच कापून बाहेर.

नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य हे तू अभिमानाने लिहिलंयस असं मला वाटलं. गोड्या पाण्याच्या टँकमधून आलेल्या सगळ्यांना वाटतं की शून्य म्हणजे स्वच्छ. पण कोरल हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींमध्ये झुझँथेली म्हणून बारीक शैवाल राहतं, तो ब्राऊन-हिरवा रंग पुष्कळसा त्यांचाच, ते उन्हात अन्न बनवतात आणि कोरलला त्यातलं देतात, बदल्यात कोरल त्यांना निवारा आणि खत देतो. शैवालाला खतच नाही मिळालं तर दोघं उपाशी. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असलं की सॉफ्ट कोरल जास्त खूश असतात. आणि दोन्ही शून्यावर धरून ठेवलं की डायनो नावाचा तपकिरी चिकट प्रकार येतो वाळूवर, तो एकदा आला की महिनोन् महिने छळतो. फॉस्फेट रिमूव्हर लावला असशील तर काढ, माशांना दिवसातून दोनदा नीट खायला घाल. बस.

टेम्परेचरचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे कारण मुंबईत रीफ म्हणजे अर्धी लढाई तीच आहे. रात्री एसी, सकाळी बंद, खोली तापते, वर लाईट आणि पंपांची उष्णता, म्हणून तुझं पाणी रोज २६ वरून २९.५ ला जाऊन परत खाली येतंय. समुद्रात कोरल ब्लीच होतात ते नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक डिग्री जास्त तापमान काही आठवडे टिकलं तरी होतात, आपल्या लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला हेच झालं, गरम पाण्यात ते शैवाल बिघडतं, कोरल त्याला बाहेर टाकतो आणि मागे पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तुझे सॉफ्ट कोरल त्यामानाने चिवट आहेत, साडेएकोणतीसला लगेच मरणार नाहीत, पण रोजची ही साडेतीन डिग्रीची वरखाली मला जास्त खटकते. २७.५ ला सतत राहिलं तर ते २६ आणि २९.५ च्या हेलकाव्यापेक्षा कितीतरी बरं. पंखा लावतोस ना पाण्यावर? मेमध्ये त्याने दोन-तीन डिग्री उतरते, जुलैमध्ये हवेतच एवढं पाणी असतं की बाष्पीभवन फारसं होत नाही आणि पंखा नुसता फिरतो. त्यामुळे कंट्रोलर लावून पंखा, आणि जमलं तर पुढच्या ऑक्टोबर हीटच्या आधी छोटा चिलर, सेकंडहँड पण मिळतात, फक्त तो बेडरूमच्या बाहेर किंवा खिडकीपाशी ठेव कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच सोडतो. तोपर्यंत लाईटची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री अकरा कर, एसी तुझा तेव्हा चालू होतोच. अगदीच वेळ आली तर पाण्याची बाटली गोठवून बंद झाकणाने सम्पमध्ये सोड, बर्फ थेट टाकू नकोस, खारेपणा घसरतो.

आणि एक बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात ठेव, साधासा असला तरी चालेल. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती तेव्हा कित्येकांचे टँक अशा पंपावर तरले, आमचा पण. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो आणि पंप थांबले की सगळ्यात आधी श्वास कोंडतो.

मित्राचं समुद्राचं पाणी नको. त्याला फक्त विचार की जुलैमध्ये खोल समुद्रात कोणाची बोट गेली होती? १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आपले कोळी दर्यात जात नाहीत. म्हणजे ते पाणी किनाऱ्याचंच असणार, आणि पावसात किनाऱ्याच्या पाण्यात नद्या-नाले-गटार सगळं येऊन मिळतं, खारेपणा पण कमी झालेला असतो. एक विष काढायला बसलोय तिथे दहा नवीन कशाला आणायची.

हॅमरचं पण नाहीच म्हणेन, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक तर ज्या पाण्यात झोआ उघडत नाहीत त्यात नवीन जीव सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे, तो स्वस्त मिळतोय म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही. दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते दुकानात कोणी सांगत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून सगळे दगडी कोरल, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया हा अख्खा गट, शिवाय काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे, हे शेड्यूल एकमध्ये आहेत, ज्यात वाघ आहे त्याच शेड्यूलमध्ये. हॅमर हा दगडी कोरल आहे. त्या यादीत अख्खा गट लिहिलाय, परदेशातून आलेला वेगळा आणि इथला वेगळा असं काही लिहिलेलं नाही. परदेशातून आणायचा तरी दगडी कोरलला साइट्सचे (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे) कागद लागतात. तो कुर्ल्याचा माणूस तुला बिल तरी देणार आहे का? तुझ्याकडे आहेत ते झोआ, मश्रूम आणि लेदर त्या नावांमध्ये येत नाहीत, आणि खरं सांगू का, त्यांच्यावर आयुष्य काढलं तरी कंटाळा येत नाही. पंधरा रंगांचे झोआ एका दगडावर वाढवून दाखव, मग हॅमरची आठवण पण येणार नाही.

हे मी फक्त कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये. दगडी कोरल आपल्या इथे पण आहेत रे, वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर, ओहोटीला उघडे पडणारे, करड्या-तपकिरी रंगाचे, बघितलं तर कोरल वाटणार पण नाहीत. एवढ्या गढूळ पाण्यात, एवढ्या शहराच्या पायाशी ते टिकून आहेत. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये परवानगी काढून तिथल्या १८ वसाहती उचलून कुलाब्याला नेव्ही नगरच्या बाजूला नेऊन लावल्या, तेवढ्या अठरा वसाहतींसाठी शास्त्रज्ञ आणले, कागदपत्रं केली. मालवणला स्नॉर्कलिंग करताना लोक पाय टेकवतात त्यांच्यावर, मला बघवत नाही. ज्यांच्यासाठी एवढं करावं लागतं ते कोणीतरी कुठल्यातरी रीफवरून छिन्नीने तोडून पिशवीत घालून रविवारी विकायला आणतंय, त्यात आपला हात नको. मुंबईत झोआ आणि मश्रूम घरच्या घरी वाढवून फ्रॅग (लावायला छोटे तुकडे) देणारे लोक आहेत, घ्यायचं तर त्यांच्याकडून, आणि ते पण अजून तीन महिन्यांनी.

आता तुझा शेवटचा प्रश्न, बंद करू का. विकून टाकलंस तर त्या मिटलेल्या झोआंना आत्ता घेणार कोण, कोणीतरी पडेल भावाला घेईल आणि त्याच्या टँकमध्ये ते मरतील. झोआ मिटलेले असले तरी त्यांची देठं भरलेली, घट्ट आहेत का बघ. देठ घट्ट असेल तर तो जिवंत आहे आणि काही आठवडे वाट बघू शकतो. देठ पातळ, पांढुरका, मऊ होऊन गळत असेल तर तेवढेच पॉलिप (एकेक झोआ) हातमोजे घालून पाण्याच्या आतच काढून टाक, म्हणजे बाकीच्यांना त्रास होणार नाही. दीड वर्ष चाललेला टँक आहे तुझा, त्यातले दगड पिकलेत, बॅक्टेरिया बसलेत, नवीन लावून हे मिळायला परत दीड वर्ष लागेल. दगडांत तांबं मुरलं असेल तर गोगलगायींना परत सुखाने राहायला महिने लागतील हे धरून चाल, सगळ्यात शेवटी गोगलगायी आण, पहिल्यांदा एकच, ती महिनाभर काचेवर नीट फिरली तर मग दुसऱ्या.

तीन आठवडे फक्त एवढंच कर, पाणी बदल, कार्बन-रेझिन, माशांना खायला, आणि एका वहीत रोज एक ओळ, टेम्परेचर, खारेपणा, किती झोआ उघडले. केएच आठवड्यातून दोनदा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ खारेपणाच्या कॅलिब्रेशन लिक्विडने एकदा तपासून घे, नुसत्या पाण्याने शून्य लावलेला भरवशाचा नसतो. काही नवीन टाकावंसं वाटलं तर आधी वहीत लिही आणि दोन दिवस थांब.

बादलीतल्या तुकड्याचं काय झालं ते मला तिसऱ्या दिवशी कळव. फोटो पाठवशील तो पांढऱ्या लाईटमध्ये काढ, निळ्या लाईटमध्ये सगळेच कोरल सुंदर दिसतात आणि मला देठ दिसत नाहीत.